आज्ञा, साक्ष आणि साखळी : उपग्रह, आकाशयाने व भूमी यांच्या संयुक्त जाळ्यातील सुरक्षिततेचा इतिहास

१

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्यापूर्वी सुमारे तासभर युरोपातील हजारो घरांत व कचेऱ्यांत आंतरजालाशी जोडणारी लहान यंत्रे, म्हणजे मोडेम, एकाएकी मूक झाली. ही सर्व यंत्रे 'के-ए-सॅट' नावाच्या एका उपग्रहाच्या द्वारा जोडलेली होती. डिसेंबर २०१० मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर आहे. त्या पहाटे त्याला कोणी धक्काही लावला नव्हता. त्याचे पंख, त्याची शिंगे, त्याचा कक्षामार्ग सर्व यथास्थित होते. बिघडले ते भूमीवरील मोडेम. युक्रेनमधील कित्येक हजार आणि उर्वरित युरोपातील हजारो ग्राहकांचा संपर्क तुटला. मध्य युरोपातील ५,८०० पवनचक्क्या, ज्यांची एकूण क्षमता ११ गिगावॅट होती, आपापल्या परीने फिरत राहिल्या. परंतु दुरून त्यांच्यावर नजर ठेवण्याचा व त्यांचे नियंत्रण करण्याचा मार्ग बंद झाला. वितरकांकडे सुमारे ३०,००० नवे मोडेम पाठवावे लागले.

पुढे उपग्रहसेवा चालविणाऱ्या व्हायासॅट कंपनीने जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचण्याजोगा आहे. दूरस्थ प्रवेशासाठी असलेल्या एका यंत्रणेची मांडणी सदोष राहिली होती. तिच्यातून आक्रमक आत शिरले, जाळ्याचे व्यवस्थापन ज्या विभागातून होते तेथपर्यंत पोहोचले, आणि तेथून त्यांनी एकाच वेळी असंख्य मोडेमना आज्ञा पाठविल्या. त्या आज्ञा व्यवस्थापनाच्या रीतीप्रमाणे वैध होत्या. मोडेमनी त्या निमूटपणे पाळल्या आणि आपल्याच स्मृतीतील आवश्यक मजकूर पुसून टाकला. मे २०२२ मध्ये युरोपीय संघ, ब्रिटन व अमेरिका यांनी या कृत्याची जबाबदारी रशियावर ठेवली.

अशा जाळ्यांच्या रक्षणासाठी ब्लॉकचेन नामक पद्धतीचा अवलंब करावा, असे गेल्या दशकभरात अनेक संशोधकांनी सुचविले आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगून, तिच्याकडून नेमके काय मिळते व काय मिळत नाही याचा विचार करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक तंत्रज्ञ नाही. भाषाशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु हा प्रश्न मुळात आज्ञेचा, म्हणजे एका प्रकारच्या वाक्याचा, असल्यामुळे त्यात शिरण्याचा थोडासा अधिकार त्यास आहे असे वाटते.

२

आज्ञा केव्हा आज्ञा ठरते? ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली आणि १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने आलेली व्याख्याने या प्रश्नाच्या चर्चेत मूलभूत मानली जातात. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात. आणि अशा वाक्यांना खरे-खोटे म्हणता येत नाही, ती साधली किंवा फसली एवढेच म्हणता येते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. अध्यक्ष "सभा तहकूब झाली" असे म्हणतो तेव्हा सभा तहकूब होते. तेच वाक्य, त्याच स्वरात, मागच्या बाकावरचा श्रोता म्हणाला तर हशा पिकतो. शब्दांत फरक नाही. फरक बोलणाऱ्याच्या अधिकारात आहे.

मोडेमपाशी हशा पिकण्याची सोय नव्हती. वाक्य अध्यक्षाच्या खुर्चीतून आले एवढेच त्याला कळत होते. खुर्चीत कोण बसले आहे हे त्याला कळत नव्हते.

यावरून कोणत्याही दूरस्थ आज्ञेसंबंधी तीन प्रश्न वेगळे काढता येतात. पहिला, मजकूर निघाला तसाच पोहोचला काय? दुसरा, तो दिला गेला याला स्वतंत्र साक्ष आहे काय? तिसरा, देणाऱ्यास तो देण्याचा अधिकार होता काय? मराठेशाहीतील कागदपत्रे वाचणाऱ्यांस हे भेद नवे वाटू नयेत. राजपत्राच्या शिरोभागी मुद्रा असे. आज्ञा कोणाची हे ती सांगे. अखेरीस मर्यादेची मुद्रा असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढविल्यास ते आमचे नव्हे, हे ती सांगे. आणि दफ्तरात नोंद झाल्याचा 'बार' हा शेरा कागदाबाहेरच्या साक्षीकडे बोट दाखवी. अर्थात् यावरून ब्लॉकचेन आपल्याकडे पूर्वीच होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रश्न जुने आहेत, उत्तरे नवी आहेत, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

३

नव्या उत्तरांचा आरंभ १९७६ मध्ये धरावयास हरकत नाही. त्या वर्षी व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना प्रसिद्ध केली. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असावी. एक गुप्त, एक जाहीर. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणासही तपासता यावी. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन यांनी ती कल्पना प्रत्यक्षात उतरविण्याची एक रीत दिली. तेव्हापासून दूरच्या यंत्राला 'ही सही अमुक किल्लीची आहे' हे निश्चयाने कळू लागले. 'अमुक माणसाची आहे' हे मात्र तेव्हाही कळत नव्हते, आजही कळत नाही.

दुसरा धागा मजकुराच्या ठशाचा. कितीही मोठ्या मजकुरापासून ठरलेल्या लांबीचा एक आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. मजकुरातील एक अनुस्वार बदलला तरी तो आकडा ओळखू न येण्याइतका बदलतो. १९७९ मध्ये राल्फ मर्कल यांनी असे ठसे वृक्षासारखे रचण्याची युक्ती मांडली. दोन ठशांचा मिळून एक ठसा, अशा दोन ठशांचा पुन्हा एक, असे करीत मुळाशी एकच ठसा उरतो. दहा लाख नोंदींपैकी एक नोंद त्या संग्रहात आहे हे सिद्ध करावयास सगळी वही लागत नाही; सुमारे वीस ठसे पुरतात. ज्या उपकरणाची स्मृती अल्प, त्याला ही काटकसर फार मोलाची आहे.

१९९१ मध्ये बेल कम्युनिकेशन्स रिसर्च या संस्थेतील स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी आणखी एक पाऊल टाकले. दस्तऐवजावर तारीख घालणारा अधिकारीच लबाड निघाला तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक नव्या दाखल्यात आधीच्या दाखल्याचा ठसा गुंफावा, म्हणजे मधला एक दाखला बदलण्यासाठी त्यापुढील सर्व बदलावे लागतील, हे त्यांचे उत्तर. साखळीची कल्पना ती हीच. तथापि संपूर्ण साखळीच नव्याने घडविली तर? म्हणून १९९५ पासून त्यांच्या उद्योगाने दर आठवड्याचा एकत्रित ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील छोट्या जाहिरातींत, हरवले-सापडले या सदराशेजारी, छापण्यास सुरुवात केली. त्या अंकाच्या असंख्य प्रती घरोघर गेलेल्या; त्या सगळ्या गोळा करून बदलणार कोण? येथे साक्षीचे मर्म दिसते. साखळी बळकट ठरली ती गणितामुळे आणि तितकीच विखुरलेल्या वाचकांमुळे.

४

तिसरा धागा आकाशातून आला. अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी कॅलिफोर्नियातील एसआरआय येथे विमाननियंत्रणाचा एक संगणक घडविण्याचे काम १९७०-८० च्या दशकात चालू होते. विमानाचे नियंत्रण एका यंत्रावर सोपविणे धोक्याचे, म्हणून अनेक यंत्रांनी एकमताने निर्णय घ्यावा अशी योजना होती. परंतु बिघडलेले यंत्र गप्प बसतेच असे नाही. ते एकाला एक व दुसऱ्याला दुसरेच सांगू शकते. मार्शल पीझ, रॉबर्ट शोस्टाक व लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले, आणि १९८२ मध्ये त्याला एका कथेचे रूप दिले. शहराला वेढा घातलेले सेनापती निरोपांवाटे एकमत करू पाहत आहेत, पण त्यांच्यांत फितूर आहेत. लॅम्पोर्ट यांनी लिहून ठेवले आहे की, प्रथम त्यांनी हे सेनापती अल्बानियाचे कल्पिले होते, कारण तो देश तेव्हा जगाशी संबंध तोडून होता व कोणी रागावण्याची भीती नव्हती. अल्बानियाबाहेरही अल्बानियन लोक असतात याची एका सहकाऱ्याने आठवण करून दिल्यावर सेनापती बायझंटाईन झाले.

या निबंधातील सिद्धान्त असा : निरोप तोंडी असतील तर एका फितुराला पुरून उरण्यास निदान चार सेनापती हवेत, दोघांना सात, सामान्यतः फितुरांच्या तिपटीहून एक अधिक. निरोप सहीचे असतील, म्हणजे दुसऱ्याचे शब्द बदलून सांगता येत नसतील, तर हा निर्बंध सैल होतो. तोंडी व लेखी भाषेतील भेद इतक्या काटेकोरपणे आकड्यांत मांडलेला दुसरीकडे क्वचितच आढळेल.

हे तिन्ही धागे ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या नऊ पानांच्या निबंधात एकत्र आले. त्यातील आठ संदर्भांपैकी तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या कार्याचे आहेत आणि एक मर्कल यांचा. ज्या शब्दाने ही पद्धत पुढे जगभर ओळखली गेली, तो 'ब्लॉकचेन' हा जोडशब्द मात्र त्या निबंधात नाही. ३ जानेवारी २००९ रोजी बनविलेल्या पहिल्या गठ्ठ्यात त्या दिवशीच्या 'द टाइम्स' या लंडनच्या वृत्तपत्राचा एक मथळा गुंफलेला आहे. म्हणजे येथेही साक्षीदार म्हणून वृत्तपत्रच उभे केले होते.

५

आता हे सर्व उपग्रह, आकाशयाने आणि भूमीवरील उपकरणे यांच्या जाळ्यात का आणावेसे वाटले ते पाहू. तिन्ही थरांवर अधिकाराविना बोलणारे आवाज एकामागून एक ऐकू आले होते. २७ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर फ्लॉरिडातील एका तंत्रज्ञाने अधिक शक्तीचा संदेश वर पाठवून 'एचबीओ' या दूरदर्शनसेवेचे उपग्रहावरील चित्र काही मिनिटे दाबून टाकले व आपला निषेधाचा मजकूर झळकविला. उपग्रहाने जो मोठ्याने बोलला त्याचे ऐकले. जून २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी, रीतसर परवानगीने, न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे एका ड्रोनला खोटे स्थाननिदर्शक संकेत ऐकवून मार्गावरून हलविले. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराय' या घातक आज्ञावलीने घरोघरचे कॅमेरे व तत्सम उपकरणे बळकावून त्यांच्या कैचीत आंतरजालाची एक मोठी नावनिर्देशन-सेवा धरली. ती उपकरणे फोडण्यास काही विद्वत्ता लागली नव्हती; कारखान्यात घातलेले परवलीचे शब्द कोणी बदललेच नव्हते.

२०१६ मध्ये क्रिस्टिडिस व देवेत्सिकिओतिस यांनी जोडलेल्या उपकरणांसाठी ब्लॉकचेनच्या उपयोगाचा व्यवस्थित आढावा घेतला. २०१७ मध्ये डोर्री, कन्हेरे व जुर्डाक यांनी एका घराचे उदाहरण घेऊन मूळ पद्धतीतील खर्चिक गणिती स्पर्धा वगळली व लहान उपकरणांस पेलेल अशी रचना मांडली. त्यानंतर उपग्रह ते ड्रोन ते जमिनीवरील संवेदक अशा संपूर्ण जाळ्यापर्यंत ही विचारसरणी पोहोचली.

परंतु येथे निसर्गाचे काही नियम आडवे येतात. स्थिर उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि एकमतासाठी अशा अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो व एका ठिकाणाहून एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे दिसतो. बिटकॉइनच्या साखळीत एक गठ्ठा जोडण्यास सरासरी दहा मिनिटे लागतात. इतक्यात उपग्रह क्षितिजाखाली गेलेला असतो. म्हणून संपूर्ण वही भूमीवरील मोठ्या केंद्रांत ठेवावी, आणि ड्रोन किंवा संवेदक यांनी केवळ मर्कलवृक्षाचे मूळ व आपल्यापुरता दाखला तपासावा, अशी विभागणी बहुतेक रचनांत दिसते. याचे एक अंग प्रत्यक्षातही आले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये 'ब्लॉकस्ट्रीम' या कंपनीने भाड्याच्या उपग्रहांवरून बिटकॉइनची साखळी प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. केवळ ऐकू शकणाऱ्या, उलट बोलू न शकणाऱ्या ग्राहकयंत्रालाही त्यामुळे साखळी तपासता येते.

६

मुख्य प्रश्न यापुढचा आहे. २०२२ च्या त्या पहाटे अशी साखळी असती तर मोडेम वाचले असते काय?

आज्ञा वाटेत बदलली गेली नव्हती. ती निघाली तशीच पोहोचली. म्हणून साखळीचा जो प्रसिद्ध गुण, लिहिलेले बदलता न येणे, तो येथे अगदीच निरुपयोगी होता. व्यवस्थापन-विभागाची किल्ली आक्रमकांच्या हाती आणि साखळीत नोंद करण्याचा अधिकार त्याच एका किल्लीला, अशी रचना असती, तर ती विनाशक आज्ञा साखळीत सुवाच्य अक्षरांत, योग्य तारखेसह, कायमची नोंदली गेली असती. आणि मोडेम तरीही मेले असते.

साक्ष मात्र उपयोगी पडली असती. याला आधार एका निराळ्या क्षेत्रात सापडतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' ही संकेतस्थळांना ओळखपत्रे देणारी संस्था फोडण्यात येऊन तिच्या नावाने पाचशेहून अधिक खोटी ओळखपत्रे निघाली, आणि त्यांतील एकाच्या साह्याने इराणमधील असंख्य लोकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यात आली. सही खरी होती, अधिकार चोरलेला होता; प्रसंग के-ए-सॅटसारखाच. यावर जो उपाय २०१३ मध्ये प्रमाण म्हणून लिहिला गेला, तो मर्कलवृक्षावर रचलेल्या जाहीर नोंदवह्यांचा. प्रत्येक ओळखपत्र उघड वहीत नोंदवावे. आपल्या नावाने परक्याने पत्र काढले तर ते ज्याचे त्याला दिसावे. २०१८ पासून 'क्रोम' हा प्रमुख ब्राउझर अशी नोंद नसलेले नवे ओळखपत्र मान्य करीत नाही. हिला कोणी ब्लॉकचेन म्हणत नाही, पण ती त्याच कुळातली आहे आणि मुकाट्याने रोज काम करीत आहे.

त्याच न्यायाने, मोडेमची स्मृती पुसण्यासारखी गंभीर आज्ञा जाहीर वहीत नोंदल्याखेरीज आणि परस्परस्वतंत्र अशा तीन-चार सह्यांखेरीज मोडेमने मानूच नये, असा नियम असता, तर एक सदोष दार पुरले नसते. याला किंमत आहे. संकटकाळी जी आज्ञा तत्काळ जावयास हवी तिलाही सह्यांची वाट पाहावी लागेल. म्हणून हा नियम अपरिवर्तनीय नुकसान करणाऱ्या आज्ञांपुरता ठेवणे शहाणपणाचे.

'परस्परस्वतंत्र' हा शब्द येथे जपून वाचावा लागतो. के-ए-सॅटच्या घटनेनंतर महिन्याच्या आत, २३ मार्च २०२२ रोजी, 'रोनिन' या साखळीतून सुमारे ६२ कोटी डॉलर किमतीचे चलन चोरीस गेले. तेथे नऊ साक्षीदार होते व पाचांच्या सह्या आवश्यक होत्या. कागदावर ही व्यवस्था उत्तम. परंतु नवांपैकी चार साक्षीदार 'स्काय मेव्हिस' या एकाच कंपनीच्या हाती होते. पाचव्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या वतीने सही करण्याची मुभा त्याच कंपनीला तात्पुरती दिली होती. डिसेंबरात ती व्यवस्था संपली, पण दिलेली मुभा यंत्रातून काढून घ्यावयाची राहून गेली. एक घर फोडताच पाच सह्या मिळाल्या. साखळी अभंग होती, गणित बिनचूक होते. चोरी सहा दिवस कोणाच्या ध्यानात आली नाही. लॅम्पोर्ट यांचे सूत्र लावले तर नऊ सेनापतींत दोन फितूर सोसवतात. येथे पाच सेनापती एकाच तंबूत झोपले होते.

७

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष एवढाच आहे. ब्लॉकचेनने पहिल्या प्रश्नाचे, मजकुराच्या अभंगतेचे, उत्तम उत्तर दिले आहे. दुसऱ्याचे, साक्षीचे, उत्तर ती देऊ शकते, पण साक्षीदार खरोखर वेगळे असतील तरच. आणि ते वेगळे आहेत की नाहीत हे गणित सांगू शकत नाही, संस्थेचे दफ्तर पाहावे लागते. तिसऱ्या, अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाही. ते देणे-घेणे माणसांचे आहे : किल्ली कोणाला दिली, केव्हा दिली, काम संपल्यावर परत घेतली की नाही.

या पद्धतीला मिळालेल्या नावाने थोडी दिशाभूल केली आहे असे मला वाटते. साखळी म्हटले की न तुटणे डोळ्यांपुढे येते, आणि न तुटणारी वस्तू म्हणजेच सुरक्षित वस्तू असा समज होतो. वस्तुतः हेबर व स्टॉर्नेटा यांनी वृत्तपत्राचा आधार घेतला, तेव्हा त्यांना न तुटण्यापेक्षा अनेकांनी पाहणे महत्त्वाचे वाटले होते. मराठीत हा विषय शिकविताना 'साखळी' या शब्दासोबत 'साक्षीवही' हा शब्दही वापरून पाहावा, अशी माझी सूचना आहे. त्याने विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न योग्य उभा राहील : साक्षीदार कोण? आपल्या शेतांतील पंप, रुग्णालयांतील यंत्रे व विजेचे मीटर जसजसे दूरच्या आज्ञा ऐकू लागतील, तसतसा हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता राहणार नाही.